विमा सरकारचा, पण अंगठा उमटेना!

आयुष्मान कार्डासाठी गावोगाव हेलपाटे. नावातली एक वेलांटी चुकली की पाच लाखांचे उपचार अडतात

(खास प्रतिनिधी)

आजारपण सांगून येत नाही. पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस आडवा पडला, तर बियाण्याचे पैसे दवाखान्यात जातात आणि बियाणे उधारीवर आणावे लागते. सुगीत दुखणे आले तर माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. आधी दावणीची जनावरे, मग बायकोच्या अंगावरचे डोरले आणि शेवटी जमिनीचा तुकडा, हा क्रम खेड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार देणारी सरकारी योजना शेतकऱ्याला पीकविम्याइतकीच मोलाची आहे. पीकविम्याला हप्ता भरावा लागतो, इथे तोही नाही. गावात या योजनेला सगळे जण ‘विमा’च म्हणतात आणि ते बरोबरही आहे.

मग अडते कुठे? अडते ते कार्ड काढताना. योजना कागदावर सर्वांसाठी आहे, पण तिचा दरवाजा संगणकात आहे. त्या दरवाजाला कुलूप आहे नावाचे, अंगठ्याचे आणि मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचे. यांतले एक जरी जुळले नाही, तरी माणूस बाहेरच उभा राहतो. गावातल्या केंद्रावर रांगेत उभे राहून “साईट चालत नाही, उद्या या” हे उत्तर ऐकले नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही.

योजना कुणासाठी?

आधी योजनेचा इतिहास पाहू, कारण निम्मा गोंधळ त्यातूनच आला आहे. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत आली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. पिवळे व केशरी रेशनकार्ड असलेली कुटुंबे तिच्यात होती. मराठवाडा व विदर्भातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत मात्र पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सात-बारा दाखवून लाभ मिळत असे.

दुसरीकडे केंद्र सरकारने २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली. तिच्यात पाच लाखांचे संरक्षण होते, पण २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीच्या यादीत नाव असेल तरच. त्यामुळे एकाच गल्लीत एका घराला पाच लाख, शेजारच्या घराला दीड लाख आणि तिसऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती झाली. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. पुढे राज्य सरकारने संरक्षण सर्वांसाठी पाच लाख केले, पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही आत घेतले आणि १ जुलै २०२४ पासून ही वाढीव योजना लागू झाली. उपचारांची संख्याही १,३५६ झाली.

त्यानंतर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, वय वंदना कार्ड सुरू झाले. म्हणजे यादीत नाव आहे की नाही, हा प्रश्न आता बराच मागे पडला आहे. तरीही गावात आजसुद्धा “आपलं नाव यादीत नाही” म्हणून घरी बसलेली माणसे भेटतात. ती २०१८ सालचे उत्तर आज धरून बसली आहेत. त्यांना नवा नियम कुणी समजावूनच सांगितलेला नाही.

माणूस एक, नावे तीन

कार्ड काढताना रेशनकार्डावरची माहिती आणि आधारची माहिती एकमेकांशी ताडून पाहिली जाते. इथेच घोडे पेंड खाते. म्हातारीला सारा गाव रखमाबाई म्हणतो, रेशनकार्डावर तेच नाव आहे. आधारवर मात्र रुक्मिणीबाई. कुणाच्या आधारवर माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे. कुणाचे वडिलांचे नाव पुढे, कुणाचे आडनाव पुढे. मराठी नाव इंग्रजीत टाईप करताना एकाने एक अक्षर जास्त घातले, दुसऱ्याने एक कमी घातले. माणसाला कळते की ही बाई तीच आहे. यंत्राला कळत नाही. ते अक्षरे मोजते, जुळली नाहीत की अर्ज ‘पेंडिंग’ दाखवते, नाहीतर ‘रिजेक्ट’ करते.

या चुका शेतकऱ्याने केलेल्या नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, त्याने पडद्यावरचे इंग्रजी स्पेलिंग तपासून “बरोबर आहे” असे कसे म्हणावे? नोंद घेणाऱ्याने घाईत नोंद घेतली, पण दुरुस्तीचा भुर्दंड मात्र ज्याचे नाव चुकले त्याच्याच माथी. आधारवरचे नाव बदलायचे तर त्यालाही मर्यादा आहे. नाव जन्मात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. तेव्हा दुरुस्तीसुद्धा विचार करूनच करावी लागते, नाहीतर दुसऱ्यांदा चुकले तर पुढचा मार्ग फार अवघड होतो.

जन्मतारखेचे तर वेगळेच. जुन्या माणसांकडे जन्माचा दाखला नाही. “दुष्काळ पडला त्या साली जन्म” एवढाच पुरावा. मग नोंद घेणाऱ्याने अंदाजाने साल टाकले आणि तारीख एक जानेवारी. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! एरवी हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट वय वंदना कार्डाच्या वेळी मात्र महागात पडते. कारण तिथे वय आधारवरूनच मोजले जाते. आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली असली, तरी आधार ६८ म्हणत असेल तर वय वंदना कार्ड मिळत नाही.

तिसरी अडचण घरवाटणीची. भाऊ विभक्त झाले, चुली वेगळ्या झाल्या, पण रेशनकार्ड अजून वडिलांच्या नावावर एकच. पाच लाखांचे संरक्षण हे माणशी नाही, कुटुंबाला आहे. तीन भावांच्या तीन संसारांत मिळून ते एकदाच मिळते. याउलट नवी सून आणि नातवंडे यांची नावे रेशनकार्डात चढवलीच नसतील, तर ती या विम्याच्या बाहेर राहतात. बाळंतपणात गुंतागुंत झाली आणि तेव्हा कळले की सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डात आहे, असे व्हायला नको.

अंगठा झिजला, नंबर बदलला

नाव जुळले तरी पुढे ओळख पटवायची असते. त्यासाठी एकतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो, ज्याला ओटीपी म्हणतात, नाहीतर यंत्रावर बोट ठेवावे लागते. ज्याचे हात जन्मभर ऊस तोडण्यात, कापूस वेचण्यात, चुना-सिमेंट कालवण्यात गेले, त्याच्या बोटावर रेषा राहिलेल्या नसतात. “मशीन अंगठा घेत नाही” हे वाक्य रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. कष्टाची खूण हीच अपात्रतेची खूण ठरावी, हा मोठाच अन्याय म्हणायचा.

यावर वाटा आहेत, पण त्या सांगितल्या जात नाहीत. अंगठाच हवा असे नाही. दहापैकी जे बोट यंत्र स्वीकारेल ते चालते. बोटे उमटतच नसतील तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आहे. आणि आयुष्मानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवूनही काम होते. गावातल्या आशाताईंकडे किंवा केंद्रचालकाकडे ही मागणी केली पाहिजे. “अंगठा येत नाही, जा घरी” हे शेवटचे उत्तर नव्हे.

मोबाइलची कथा निराळी. आधार काढला तेव्हा दिलेला नंबर मुलाचा होता. मुलगा पुण्याला गेला, नंबर बदलला. किंवा रिचार्ज न केल्याने तो बंद पडला आणि कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला. आता आकडा येतो तो कुणा परक्याच्या फोनवर. काही ठिकाणी कामाचा निपटारा करण्यासाठी केंद्रावर कोणताही नंबर टाकून मोकळे होण्याची रीत पडली. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात हे उघडे पडले. देशभरातील तब्बल ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरशी जोडलेले आढळले. तो नंबर म्हणजे नऊचा आकडा दहा वेळा! ज्याचे कार्ड अशा नंबरावर निघाले, त्याला कार्डाविषयीचा कोणताही निरोप कधीच मिळणार नाही.

एका कार्डाचे चार उंबरठे

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एक कार्ड तर काढायचे आहे, त्यात एवढे काय? पण चूक निघाली की काम चार ठिकाणी फुटते. रेशनकार्डातली दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत. आधारची दुरुस्ती आधार केंद्रावर, ते बहुधा तालुक्याला किंवा मोठ्या बाजारगावी. विवाहाची किंवा जन्माची नोंद ग्रामपंचायतीत. आणि कार्ड पुन्हा गावातल्या सेवा केंद्रावर. प्रत्येक ठिकाणी एक दिवस जातो. म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे वेगळे, झेरॉक्सचे वेगळे. त्यात एखाद्या दिवशी वीज नाही, एखाद्या दिवशी रेंज नाही, एखाद्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’. पडद्यावरचे चाक गोल गोल फिरत राहते आणि बाहेर ओट्यावर माणसे बसून राहतात. कार्ड मोफत, पण ते मिळवायला पदरचे पैसे मोडतात ते असे.

केंद्रावरच्या पोराला किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला शिव्या देऊन उपयोग नाही. यंत्रणा वरून बंद असेल तर तोही काही करू शकत नाही. पण तुमचा अर्ज कुठे अडला, नावात अडला की बोटावर, हे त्याने नीट सांगितले पाहिजे. “होत नाही” आणि “आधारवर आडनाव चुकलंय, ते आधी दुरुस्त करा” या दोन उत्तरांत चार खेट्यांचा फरक आहे.

अमेरिकेतही हेच घडले

असे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत आपल्यासारखा मोफत सरकारी विमा सर्वांना नाही. तिथे नोकरदाराला मालकाकडून विमा मिळतो; शेतकऱ्याला मालकच नसल्याने त्याला तो स्वतः विकत घ्यावा लागतो. अशा लोकांसाठी तिथल्या केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१३ रोजी विम्याचा ऑनलाईन बाजार उघडला. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की यंत्रणा कोसळली. त्या दिवशी केंद्राच्या या यंत्रणेतून विमा घेण्यापर्यंत पोहोचले ते फक्त सहा जण!

कारणे ओळखीची वाटतील. नुसता विम्याचा दर पाहायचा तरी आधी खाते उघडा, ओळख पटवा, अशी सक्ती होती. उत्पन्न एका खात्याकडून तपासायचे, नागरिकत्व दुसऱ्या खात्याकडून, आणि ही खाती संगणकावर एकमेकांशी नीट बोलत नव्हती. तिथल्या शेतकऱ्याला आणखी एक जाच. सरकारी सवलत उत्पन्नावर ठरते आणि ते वर्ष सुरू होण्याआधीच अंदाजाने सांगावे लागते. पाऊस कसा पडेल, भाव काय मिळेल, हे शेतकऱ्याने आधी कसे सांगावे? अंदाज कमी धरला आणि उत्पन्न जास्त आले, तर घेतलेली सवलत कराबरोबर परत करावी लागते.

तरीही त्या पहिल्या हंगामाच्या अखेरीस, म्हणजे २०१४ च्या वसंतापर्यंत, सुमारे ८० लाख लोकांनी देशभरातील अशा ऑनलाईन बाजारांतून विमा निवडला. हे कसे झाले? यंत्रणा दुरुस्त केली, मुदत वाढवली आणि लोकांच्या शेजारी बसून अर्ज भरून देणारी प्रशिक्षित माणसे ठिकठिकाणी नेमली. यंत्राची अडचण शेवटी माणसांनीच सोडवली. आपल्याकडेही नुसती यंत्रे वाढवून भागणार नाही, हा त्यातला धडा आहे.

दवाखान्याच्या दारात

कार्ड नसल्याची खरी किंमत कळते ती दवाखान्याच्या दारात. ही योजना रोख रकमेविना चालते. उपचार आधी पैसे भरून घ्यायचे आणि मग बिल दाखवून पैसे परत मागायचे, असे इथे नाही. म्हणूनच रुग्ण दाखल होतानाच कागद जुळावे लागतात. एकीकडे रुग्ण तळमळतोय आणि दुसरीकडे मुलगा आधारच्या नंबरावर आलेला आकडा शोधतोय, अशा वेळी कोणताही बाप “पैसे भरतो, पण उपचार सुरू करा” असेच म्हणणार. एकदा पैसे भरून उपचार सुरू झाले की योजना दूर राहते आणि सावकार जवळ येतो.

यासाठी काही गोष्टी सर्वांना माहीत हव्यात. पहिली, योजना सगळ्या दवाखान्यांत नाही. फक्त ‘अंगीकृत’ रुग्णालयांत आहे. आपल्या जिल्ह्यातली अशी रुग्णालये कोणती, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर असली पाहिजे. दुसरी, बाहेरच्या बाहेर घेतलेले औषधपाणी यात धरले जात नाही. ठरवून दिलेल्या आजारांवर दाखल होऊन घेतलेले उपचारच धरले जातात. तिसरी, अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्राला गाठावे. चौथी, अपघात, हृदयविकार अशा तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून आधी मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे. ती आरोग्यमित्राकडे ठामपणे मागावी.

गावाने काय करावे?

तहान लागल्यावर विहीर खोदून पाणी लागत नाही. कार्ड काढायचे ते घरात सगळे धडधाकट असताना. आणि हे काम एकेकट्या माणसावर सोडण्याऐवजी गावाने अंगावर घेतले, तर चार खेट्यांचे काम एका दिवसात होऊ शकते.

आशाताईंकडे घरोघरची माहिती असते. त्यांच्या मदतीने ग्रामपंचायतीने कार्ड न निघालेल्या कुटुंबांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे ते का अडले याचे कारण लिहावे. नाव, बोट, मोबाइल की रेशनकार्ड, एवढे चारच रकाने पुरेत. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. मग एक दिवस ठरवून पुरवठा शाखेचा कारकून, आधारचे यंत्र, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि सेवा केंद्राचा संगणक एका छपराखाली आणावा. शाळेची खोली पुरते. चेहऱ्यावरून आणि बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय त्या दिवशी हवीच. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही.

वेळही साधली पाहिजे. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि गावातली निम्मी घरे बंद होतात. शिबिर त्यानंतर घेतले, तर ज्यांना खरी गरज आहे तेच नेमके गैरहजर. श्रावण-भाद्रपदात, कोळपणी-खुरपणी उरकल्यावर आणि सुगी सुरू होण्याआधी, हे काम होऊ शकते. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्या घरी आशाताईंनी मोबाइल घेऊन जावे.

ग्रामसेवक, तलाठी आणि रेशन दुकानदार यांच्यापुढे आधीच कामांचे ढीग आहेत, हे खरे. पण लाभार्थ्यांचा आकडा वरच्या कार्यालयाला कळवणे आणि प्रत्यक्ष माणसाच्या हातात चालणारे कार्ड पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती कार्डे निघाली हे विचारले जाते, किती अडली हे कुणी विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने दर महिन्याला हा दुसरा आकडा मागवायला सुरुवात केली, तरी यंत्रणा जागी होईल. सरकारने पाच लाखांचे छत्र उभे केले आहे. त्याखाली उभे राहायला झिजलेल्या अंगठ्याच्या माणसाला जागा मिळते की नाही, यावरच या योजनेचे यश मोजले जावे.

चौकट

हे लक्षात ठेवा

• रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाईन क्रमांक आणि घरातल्या प्रत्येकाचे आधार एका पिशवीत एकत्र ठेवा.

• रेशनकार्ड व आधार शेजारी ठेवून नाव, आडनाव, जन्मसाल जुळते का, हे शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. चूक कोणत्या कागदात आहे ते आधी ठरवा, मगच दुरुस्तीला जा.

• आधारला घरातला चालू मोबाइल नंबर जोडा. दुसऱ्या कुणाचा नंबर देऊ नका. ओटीपी फोनवरून कुणी मागितला तर सांगू नका.

• नवी सून व लहान मुलांची नावे रेशनकार्डात चढवून घ्या.

• कार्ड मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर तक्रार करा.

• चौकशी व तक्रारीसाठी: महात्मा जोतिराव फुले योजना १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मान भारत १४५५५.